कंपन-ऊर्जा संकलन

यंत्रे, पूल, नळ, वाहने इत्यादींच्या कंपनांतील यांत्रिक ऊर्जेचे वापरण्याजोग्या विद्युत् ऊर्जेत रूपांतर करण्याचे तंत्र. मिळणारी शक्ती बहुधा मायक्रोवॉट ते मिलिवॉट एवढीच असल्याने, जेथे तार नेणे किंवा बॅटरी बदलणे अवघड असते अशा ठिकाणच्या बिनतारी संवेदकांसाठी ते मुख्यतः वापरतात.

शरीराच्या हालचालीने आपोआप किल्ली भरली जाणारी घड्याळे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहुधा १७७० नंतरच्या दशकात, तयार झाली. त्यांचे श्रेय अब्राम-लुई पेरले यांना देण्याची रूढी असली, तरी उबेर सार्टन यांच्या १७७८ मधील रचनेमुळे ते वादग्रस्त ठरले आहे. तथापि त्यांत ऊर्जा स्प्रिंगमध्ये साठत असे, वीज निर्माण होत नसे. म्हणून त्यांना या तंत्राचे पूर्वज मानणे काहीसे सैल ठरते. फॅराडे यांचे विद्युत् चुंबकीय प्रवर्तन (१८३१) आणि क्यूरी बंधूंचा दाबविद्युत् परिणाम (काही स्फटिकांवर दाब दिल्यास वीज निर्माण होणे; १८८०) ही मूलतत्त्वे जुनी असली, तरी प्रस्तुत विषयाचा आरंभ विल्यम्स व येट्स यांनी १९९५-९६ च्या सुमारास केलेल्या सूक्ष्मजनित्राच्या विश्लेषणापासून धरणे अधिक युक्त होय.

या विश्लेषणात कंप पावणाऱ्या चौकटीला स्प्रिंगने जोडलेले एक वस्तुमान कल्पिलेले आहे. अनुस्पंदनाच्या स्थितीत (चौकटीची कंप्रता व स्प्रिंगवरील वस्तुमानाची नैसर्गिक कंप्रता जुळली असता) विद्युत् संदमन (वीज काढून घेतल्याने दोलनाला होणारा रोध) यांत्रिक संदमनाएवढे (घर्षणादींमुळे होणाऱ्या रोधाएवढे) ठेवल्यास शक्ती कमाल होते आणि तिचे मूल्य mA²/16ωζ येते (m वस्तुमान, A चौकटीच्या प्रवेगाचा परमप्रसर, ω कोनीय कंप्रता, ζ यांत्रिक संदमन गुणोत्तर). शक्ती कंप्रतेच्या घनाच्या प्रमाणात वाढते, असे विधान अनेकदा आढळते; ते चौकटीचे विस्थापन स्थिर धरले तरच खरे आहे. प्रवेग स्थिर धरल्यास कंप्रता दुप्पट होताच शक्ती निम्मी होते, आणि कंपने प्रवेगमापकाने मोजली जात असल्याने व्यवहारात हेच रूप सोयीचे पडते. उदा., १० ग्रॅम वस्तुमान, ५० हर्ट्‌झ कंप्रता, १ मी./से.² प्रवेग व ०.०१ संदमन गुणोत्तर धरल्यास कमाल शक्ती सु. ०.२ मिलिवॉट येते. या वेळी चौकट जेमतेम ०.०१ मिमी. हलते, वस्तुमान मात्र तिच्या सापेक्ष सु. ०.२५ मिमी. झुलते. कंप्रता केवळ १ हर्ट्‌झने ढळली, तरी शक्ती सु. निम्म्यावर येते. मोटरीचा वेग भाराप्रमाणे बदलत असल्याने ही उणीव गंभीर आहे. ती दूर करण्यासाठी द्विस्थिर (दोन स्थिर अवस्था असलेल्या), अरेषीय (ताण व बल समप्रमाणात नसलेल्या) स्प्रिंगांचा अभ्यास चालू आहे.

दाबविद्युत् पट्टीला हे वस्तुमान-स्प्रिंगचे प्रतिमान जसेच्या तसे लावण्यावर एर्तुर्क व इनमन या संशोधकांनी आक्षेप घेतला : जोडलेल्या विद्युत् मंडलाच्या उलट परिणामाने पट्टीची अनुस्पंदन कंप्रताच सरकते, तो परिणाम साध्या संदमनात मावत नाही. युग्मन (यांत्रिक व विद्युत् भागांचा परस्पर प्रभाव) दुर्बल असल्यास जुने प्रतिमान पुरेसे ठरते. प्रबळ असल्यास आक्षेप ग्राह्य दिसतो.

दाबविद्युत् पट्टीखेरीज इतरही प्रकार आहेत. चुंबक व वेटोळे यांची प्रयुक्ती मोठ्या आकारात सरस ठरते, कारण आकार घटला की तिचा विद्युत् दाब फार उतरतो. स्थिरविद्युत् प्रकारात आरंभी विद्युत् भार पुरवावा लागतो किंवा इलेक्ट्रेट (विद्युत् भार दीर्घकाळ धरून ठेवणारा पदार्थ) वापरावे लागते. घर्षणविद्युत् जनित्रे २०१२ पासून पुढे आली. सर्वच प्रकारांत प्रत्यावर्ती प्रवाह एकदिशकारकातून (प्रवाह एकाच दिशेने वाहू देणाऱ्या, डायोडच्या मंडलातून) नेऊन धारित्रात साठवतात. चुंबकीय प्रकाराचा दाब डायोडच्या दाबघटीहून कमी असल्यास साधा एकदिशकारक निरुपयोगी ठरतो. दाबविद्युत् मृत्तिका ठिसूळ असल्याने पट्टीच्या आवळलेल्या टोकाशी, जेथे प्रतिबल सर्वाधिक असते, तेथे तडे जाण्याचा संभव असतो.