शर्टाचं बटण लावताना मेंदू काय करतो?

डाव्या हातानं काज ताणून धरायचं, उजव्या हातानं बटण तिरकं करून आत सारायचं आणि पलीकडून लगेच पकडायचं. बहुतेक जण हे गप्पा मारता मारता उरकतात. डिस्प्रॅक्सिया, म्हणजे हालचालींची आखणी करण्यात आणि त्यांचा मेळ साधण्यात अडचण, असलेल्यांना, आणि ऑटिझम असलेल्या अनेकांना, यातल्या प्रत्येक टप्प्याकडे लक्ष द्यावं लागतं. मग नाडी, डब्याचं झाकण, कंपासपेटी. शाळेची पहिली घंटा होण्याआधीच मूल दमलेलं असतं आणि वर "धांदरट" हा शिक्का बसतो. तो फार अन्यायाचा आहे.

हात हलवण्यापूर्वी मेंदू हालचालीचा आराखडा करतो आणि ती करताना काय जाणवेल याचा अंदाजही बांधतो. स्नायूंकडून आणि सांध्यांकडून येणारी खबर या अंदाजाशी ताडून चूक क्षणार्धात सुधारली जाते. या कामात मोठा वाटा लहान मेंदूचा. आकारानं तो मेंदूच्या जेमतेम दहाव्या हिश्शाएवढा, पण मेंदूतल्या सुमारे ८६ अब्ज चेतापेशींपैकी ६९ अब्ज त्यातच असतात. डिस्प्रॅक्सियात हा अंदाजच कच्चा राहतो, असं बऱ्याच संशोधकांना वाटतं. त्यामुळे सगळी भिस्त डोळ्यांवर येते.

म्हणूनच गळ्याशी असलेलं, न दिसणारं बटण सर्वांत छळतं. ठाणे स्टेशनहून सुटलेल्या भरगच्च टीएमटी बसमध्ये एका हातानं दांडा धरून दुसऱ्या हातानं खिशातली नाणी चाचपायची, तीही न बघता, हे अशा माणसासाठी किती अवघड असेल! रविवारी ताटात मांदेली आली की काटे काढण्याचंही तसंच. मोठेपणी हे आपोआप जातं, हा समज चुकीचा आहे. अनेकांना या अडचणी आयुष्यभर राहतात.

शाळकरी मुलांत डिस्प्रॅक्सियाचं प्रमाण साधारण ५ ते ६ टक्के मानलं जातं. म्हणजे साठ मुलांच्या वर्गात तिघं तरी असतील. बुद्धीशी याचा संबंध नाही.

नुसता चेंडू दाबून किंवा मणी ओवून बटण लावता येईलच असं नाही. जे जमत नाही त्याचाच, छोटे टप्पे पाडून केलेला सराव अधिक उपयोगी ठरतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट, म्हणजे रोजची कामं जमावीत म्हणून मदत करणारे तज्ज्ञ, हेच करतात: मुलानं स्वतः ठरवायचं, करून बघायचं, कुठं अडलं ते शोधायचं. घरी शिकवताना सुट्टीची दुपार निवडा, शाळेची बस खाली उभी असताना नको. जोडीनं वस्तूही बदलाव्यात. नाडीऐवजी वेल्क्रोचे बूट, जाड पकडीचं पेन, वरच्या बटणाखाली टिचबटण. याला लाड म्हणणाऱ्यांनी चष्म्यालाही लाड म्हणावं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 'विशिष्ट अध्ययन अक्षमते'च्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचा नावानिशी उल्लेख आहे, आणि ऑटिझमची तर स्वतंत्र नोंद आहे. लिहिताना मुलाचा हात दुखत असेल, उत्तर येत असूनही पेपर अपुरा राहत असेल, तर तपासणी करून प्रमाणपत्र घ्या आणि लेखनिक किंवा वाढीव वेळ यांबद्दल शाळेशी वर्षाच्या सुरुवातीलाच बोला.