आघात-तरंग आणि सीमास्तर: विलगन रोखण्याच्या प्रयत्नांची पार्श्वभूमी

पावसाळ्यात नागपूरच्या अंबाझरी तलावाच्या सांडव्यावरून वेगाने उतरलेले पाणी खालच्या संथ पाण्याला भिडते, तेथे ते एकाएकी उसळून उंच आणि मंद होते. ध्वनीपेक्षा वेगवान हवेत अशाच ठिकाणी आघात-तरंग उभा राहतो आणि केसाहूनही कमी जाडीत हवेचा दाब एकदम चढतो. एर्न्स्ट माख आणि पेटर साल्खर यांनी बंदुकीच्या गोळीभोवतीच्या या तरंगाची छायाचित्रे 1887 साली प्रसिद्ध केली. पृष्ठालगत घर्षणाने मंदावणाऱ्या हवेच्या पातळ थराची, म्हणजे सीमास्तराची, कल्पना मात्र लुडविग प्रांटल यांनी 1904 साली हायडेलबर्गला मांडली. त्याच निबंधात त्यांनी दंडगोलावरील फटीतून हा मंद थर शोषून घेतल्यास प्रवाह पृष्ठाला धरून राहतो, हेही पाण्यातील प्रयोगाने दाखवले होते. आघात-तरंगामुळे होणाऱ्या विलगनाचा, म्हणजे प्रवाह पृष्ठापासून सुटण्याचा, अभ्यास सुरू होण्यापूर्वीच त्यावरचा एक उपाय असा हाती होता, ही गोष्ट मला या इतिहासात सर्वांत लक्षणीय वाटते.

हे दोन विषय एकत्र आले ते विमानांचा वेग वाढल्यावर. नागपूरच्या मे महिन्यातील 45 अंश तापमानात ध्वनीचा वेग ताशी सुमारे 1,285 किलोमीटर असतो. अकरा किलोमीटर उंचीवर, उणे 56 अंशांत, तो सुमारे 1,060 वर येतो. म्हणून सोनेगाव विमानतळावरून निघालेले प्रवासी विमान त्या उंचीवर ध्वनीपेक्षा हळू जात असले, तरी त्याच्या पंखाच्या फुगीर पाठीवरची हवा तो वेग ओलांडू शकते. तेथील आघात-तरंगाचा चढता दाब सीमास्तरातील मंद हवेला पेलवला नाही, तर ती उलट वाहू लागते आणि प्रवाह पृष्ठापासून सुटतो. आंतोनियो फेर्री यांनी इटलीतील ग्विदोनिया येथील वातबोगद्यात 1939 साली ही परस्परक्रिया नोंदवली. 1946 साली झुरिकला आकेरेट व त्यांच्या सहकाऱ्यांनी आणि कॅलिफोर्नियात लीपमन यांनी दाखवले की, सीमास्तर स्तरीय (शांत थरांनी वाहणारा) आहे की प्रक्षुब्ध (भोवऱ्यांनी घुसळलेला), यावर तरंगाचे रूपच बदलते. प्रक्षुब्ध थर अधिक दाब सोसतो.

उपायांच्या दोन वाटा येथूनच निघतात: थकलेली हवा काढून टाकणे, किंवा वरच्या वेगवान हवेतील जोम खाली आणणे. दुसऱ्या वाटेवर 1947 साली टेलर यांच्या भोवरे निर्माण करणाऱ्या छोट्या उभ्या पट्ट्या आल्या. पहिल्या वाटेचा कस ध्वनिवेगाच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या एसआर-71 या अमेरिकी टेहळणी विमानात लागला. त्याच्या इंजिनासमोरील शंकू सुमारे 66 सेंटिमीटर मागे सरके आणि त्याच्या पृष्ठावरून सीमास्तरातील हवा शोषली जाई. तरीही तरंग जागेवरून निसटला, तर विमानाला जबर हिसका बसे. शोषलेली हवा इंजिनाला मिळत नाही आणि शोषणाच्या नळ्यांचे वजन वाढते, ही या वाटेची किंमत आहे. त्यामुळेच या शतकाच्या पहिल्या दशकात सीमास्तरापेक्षाही कमी उंचीच्या आणि त्या पट्ट्यांप्रमाणेच भोवरे निर्माण करणाऱ्या सूक्ष्म उतारांकडे (मायक्रो-रॅम्प) संशोधकांचे लक्ष वळले.

भारताने 7 सप्टेंबर 2020 रोजी स्क्रॅमजेट, म्हणजे ध्वनीपेक्षा वेगाने वाहणाऱ्या हवेतच इंधन जाळणारे, इंजिन ध्वनीच्या सहापट वेगाने वीस सेकंदांहून अधिक काळ चालवले. इतक्या वेगात सीमास्तरातील हवा अतितप्त असते. ती शोषून घ्यायची, तर नळ्यांनीही ती उष्णता सोसली पाहिजे.