दोन्ही हात उजवे

उजवा खांदा दुखावला की पारंपरिक धनुष्य वापरणाऱ्या तिरंदाजाला हात बदलण्याचा उपाय सुचतोच. इतकी वर्षं दोरी उजव्यानं ओढली, आता डाव्यानं ओढू. उजव्यानं नुसतं धनुष्य धरायचं, तेवढाच त्याला आराम. घोटाळा आहे तो या ‘नुसतं’ शब्दात.

40 पौंडांचं धनुष्य पूर्ण ओढून धरलं की दोरीवरची बोटं सुमारे 18 किलो वजनाइतका जोर लावून मागे खेचत असतात. धनुष्य जागच्या जागी स्थिर आहे, याचा अर्थ मुठीवरचा हातही तेवढ्याच जोरानं पुढे रेटतोय. म्हणजे हात बदलल्यानं भार जात नाही, त्याची तऱ्हा बदलते. ओढणाऱ्या बाजूला कोपर उंच राहून मागे जातं, खवाटा कण्याकडे सरकतो, आणि बोटांपासून कोपरापर्यंतच्या सगळ्या कंडरांवर ताण येतो. धरणाऱ्या बाजूला दंडाचं हाड खांद्याच्या खोबणीत दाबलं जातं. ही खोबण फार उथळ असते. बशीवर चेंडू ठेवावा तसा हा सांधा, आणि चेंडू बशीवरून घसरू न देण्याचं काम चार लहान स्नायूंकडे. त्यांनाच एकत्रितपणे रोटेटर कफ म्हणतात.

आता दुखणं कुठं आहे ते बघा. बोटांची कंडरा दुखत असेल किंवा दोरी ओढून ओढून कोपर धरलं असेल, तर हात बदलल्यानं खरोखर विश्रांती मिळते. पण रोटेटर कफ फाटला असेल आणि हात खांद्याच्या उंचीला नेतानाच कळ येत असेल, तर धनुष्य धरणारा हातही त्याच उंचीला तोलून धरायचा असतो. म्हणून फिजिओथेरपिस्टला नुसतं ‘तिरंदाजी करतो’ असं सांगून भागत नाही. त्याच्यासमोर दोन्ही बाजूंनी उभं राहून, रिकाम्या हातांनी का होईना, ओढण्याची पूर्ण क्रिया करून दाखवावी, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

खांद्याचं जमलं, तरी पुढे डोळा उभा असतो. हाताप्रमाणे डोळ्यांतही एक प्रबळ असतो. साधारण तीनपैकी दोघांचा उजवा डोळा प्रबळ असतो आणि हाताशी त्याचं नातं सैल असतं, त्यामुळे उजव्या हाताचे पण डाव्या डोळ्याचे लोक भरपूर सापडतात. घरी तपासून बघा. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटा त्रिकोणी झरोका करा, दोन्ही डोळे उघडे ठेवून त्यातून दारावरची घंटा बघा, मग एकेक डोळा मिटा. ज्या डोळ्यानं घंटा झरोक्यातच दिसत राहते, तो प्रबळ.

पारंपरिक धनुष्याला नेमाची काडी किंवा भिंग काही नसतं. बाणच डोळ्याखाली धरायचा आणि त्याच्या टोकाच्या अंदाजानं मारायचं, तेही बहुतेक जण दोन्ही डोळे उघडे ठेवून. उजवा डोळा प्रबळ असलेल्या माणसानं हात बदलला, की बाणाची शेपटी डाव्या डोळ्याखाली येते, पण टोक लक्ष्याशी जुळवतो तो उजवा डोळा. दोन बाहुल्यांत सुमारे 6 सेंटिमीटर अंतर आणि बाणाचं टोक डोळ्यापासून 70 सेंटिमीटरवर धरलं, तर बाण 5 अंशांनी तिरका होतो. 18 मीटरवर ही चूक दीड मीटरच्या आसपास जाते. बाण लक्ष्याच्या उजवीकडून निघून जातो आणि माणूस बिचारा नव्या हाताला दोष देत बसतो! उपाय साधा आहे. सुरुवातीला प्रबळ डोळा मिटावा किंवा चष्म्याच्या त्या काचेवर अर्धपारदर्शक चिकटपट्टी लावावी. ज्याचा डावाच डोळा प्रबळ आहे, त्याला मात्र दुखापतीमुळे बदललेला हात वरदानच वाटेल. तो आजवर चुकीच्या बाजूनं मारत होता.

मेंदूचं काय? विराटपर्वात उत्तराला आपल्या नावांचे अर्थ सांगताना अर्जुन म्हणतो, ‘उभौ मे दक्षिणौ पाणी’, गांडीव ओढताना माझे दोन्ही हात उजवेच आहेत, म्हणून मी सव्यसाची. आपल्यासारख्यांचे दोन्ही हात उजवे नसतात. रॉबर्ट सेनबर्ग या अमेरिकी संशोधकाची मांडणी अशी, की उजवा हात सरस आणि डावा कच्चा असं नसून दोघांनी कामं वाटून घेतलेली असतात. प्रबळ हात हालचालीचा मार्ग उत्तम आखतो, दुसरा एका जागी ठाम राहण्यात तरबेज असतो. तिरंदाजी ही वाटणी पुरेपूर वापरते. हात बदलला की ठाम राहणाऱ्याला हलायचं असतं आणि हलणाऱ्याला ठाम राहायचं असतं. पूर्वी दोरी पकडणारा हात आता धनुष्याची मूठही आवळू लागतो आणि बाण सुटताना ती पिळते. नवशिक्यापेक्षा मुरलेल्या तिरंदाजाला हा अडथळा जास्त छळतो.

तरी जुनं कसब वाया जात नाही. 1894 मध्ये येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर आणि त्यांच्या सहकारी महिलांनी दाखवलं, की एका हाताला सराव दिला तर सराव न केलेल्या हाताचीही ताकद आणि अचूकता वाढते. याला ‘क्रॉस एज्युकेशन’ म्हणतात. ही वाढ मज्जासंस्थेतून येते. म्हणून डाव्यानं केलेला सराव विश्रांती घेणाऱ्या उजव्यालाही थोडा सावरून धरतो. प्लास्टरमधल्या हातासाठी ही युक्ती वापरली जाते.

हंगेरीचा नेमबाज कारोय ताकाच याचा उजवा हात 1938 मध्ये हातबॉम्ब फुटून निकामी झाला. त्यानं डाव्या हातानं पिस्तूल चालवायला शिकून 1948 आणि 1952 च्या ऑलिंपिकमध्ये सुवर्णपदकं जिंकली. पण पिस्तूल एका हातात मावतं, धनुष्याला दोन्ही हात लागतात.

साधनाचाही प्रश्न असतो. बाण टेकवायला एकाच बाजूनं कोरलेलं धनुष्य हात बदलल्यावर निरुपयोगी ठरतं. दोन्ही बाजूंनी सारखं असलेलं, बाण थेट मुठीवर टेकवायचं धनुष्य मात्र तसंच वापरता येतं. आणि दुखणं नुसत्या अंगठ्याचं असेल तर हात बदलायची गरजही नाही. महाभारतात अंगठा दिल्यावर एकलव्य बोटांनी दोरी ओढू लागतो, फक्त पूर्वीची चपळाई राहत नाही. अंगठ्यानं ओढताना दोरीला एका बाजूचा पीळ बसतो, बोटांनी ओढताना उलट बाजूचा. त्यामुळे बाणही धनुष्याच्या दुसऱ्या बाजूला लावावा लागतो. पकड बदलणं हेसुद्धा नव्यानं शिकणंच आहे.

आता धनुष्याचं वजन, म्हणजे ते पूर्ण ओढायला लागणारा जोर. 1545 मध्ये बुडालेल्या ‘मेरी रोझ’ या इंग्लिश युद्धनौकेवरच्या सांगाड्यांत खवाट्याच्या टोकाचं हाड न जुळलेली माणसं नेहमीपेक्षा जास्त सापडली. कोवळ्या वयापासून जड धनुष्य ओढल्याचा हा परिणाम असावा, असं अभ्यासकांचं मत आहे. वाढत्या वयातलं हाडसुद्धा धनुष्यानुसार घडतं. चाळिशीतल्या नव्या बाजूला ती सवलत नाही. 15 ते 20 पौंडांपासून सुरुवात करावी, तीन-चार पावलांवर पेंढ्याची गंजी ठेवावी आणि पहिले काही आठवडे नेम धरूच नये. स्नायू काही आठवड्यांत जोर धरतात, कंडरांना मात्र महिने लागतात. त्यामुळे दीड-दोन महिन्यांनी डावा हात भक्कम वाटू लागतो तो काळ सगळ्यात नाजूक असतो. तेव्हाच जुनं 40 पौंडांचं धनुष्य खुंटीवरून उतरवलं, तर दुसरा खांदाही जातो.