छोट्या जातीच्या कुत्र्याचा विमा: अर्ज कधी करावा, कागद कोणते लागतात

पॉमेरेनियन चालता चालता मागचा एक पाय वर उचलतो, दोन-चार पावलं तीन पायांवर टाकतो आणि काहीच न झाल्यासारखा पुन्हा धावू लागतो. घरात सगळ्यांना गंमत वाटते. बऱ्याचदा ही गुडघ्याची वाटी सरकल्याची खूण असते. ती केसपेपरवर आली, की विमा कंपनीच्या लेखी 'आधीपासूनचा आजार' ठरते आणि त्याचा खर्च सहसा मिळत नाही. काही पॉलिसींत एका गुडघ्याची नोंद असली तर दुसराही वगळतात. म्हणून पिल्लू ठणठणीत असतानाच अर्ज करा. पण विम्यापायी तपासणी मात्र लांबवू नका, आणि अर्जात आजार लपवूही नका. दावा आला की कंपनी जुने केसपेपर मागवते.

काही ठिकाणी पिल्लाला आठ आठवडे पूर्ण झाले की अर्ज करता येतो, काही ठिकाणी आणखी थांबावं लागतं. वयाची वरची मर्यादा पॉलिसीगणिक वेगळी असते.

कागद फार नाहीत: लसीकरणाचं पुस्तक, आतापर्यंतचे केसपेपर, कुत्र्याचा फोटो, मालकाचं ओळखपत्र. काही कंपन्या डॉक्टरांचं आरोग्य प्रमाणपत्रही मागतात. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा क्रमांक, जो बहुधा 15 अंकी असतो, डॉक्टरांकडून स्कॅन करून घ्या आणि प्रत्येक कागदाशी एकेक अंक ताडून पाहा. एक आकडा चुकला तरी दावा अडकू शकतो.

पॉलिसी मिळाली म्हणजे संरक्षण लगेच सुरू झालं असं नाही. आजारांसाठी प्रतीक्षा कालावधी असतो, म्हणजे सुरुवातीचे काही दिवस त्यांचा खर्च मिळत नाही. हाडं-सांध्यांसाठी तो अनेकदा जास्त असतो, आणि छोट्या कुत्र्यांचं दुखणं नेमकं तिथंच असतं. जातीप्रमाणे प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. डॅशहुंड असेल तर मणक्याच्या चकतीचं ऑपरेशन, यॉर्कशायर टेरियरसाठी श्वासनलिका दबण्याचा त्रास (खोकला बदकाच्या आवाजासारखा येतो), कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियलसाठी हृदयाच्या झडपेचा आजार. दातांचं तर कुठल्याही जातीसाठी विचारा: इवल्याशा जबड्यात दातांची दाटी होते, हिरड्या लवकर बिघडतात, आणि वर्षाला दंततपासणी केली नसेल तर काही कंपन्या दातांचा दावा नाकारतात.

दाव्यासाठी नुसती एकूण रक्कम लिहिलेली पावती चालत नाही. तपासणी, औषधं, एक्स-रे वेगवेगळे दाखवणारं बिल दवाखान्यातून निघण्यापूर्वीच मागून घ्या.