दुकानातलं गाणं निवडतं कोण?

सांगलीत हरभट रोडवर संध्याकाळी चक्कर मारली, की दुकानादुकानांतून गाण्यापेक्षा ‘शंभर रुपये प्राप्त झाले’ हेच जास्त ऐकू येतं. यूपीआयचे पैसे जमा झाल्याचं बोलून सांगणारी ती डबी २०१९ नंतर काउंटरवर येऊन बसली. गर्दीच्या वेळी तिचा आवाज कानावर पडला नाही, तर पैसे खरंच आले की गिऱ्हाईक नुसता फोन दाखवून गेलं, हे कळायला मार्ग नाही. मग दुकानदाराने गाण्याचा आवाज आधी बारीक केला, नंतर बटणच बंद केलं. दुकानांतून गाणी गेली त्याचं हे काही एकमेव कारण नव्हे, पण शेवटचा धक्का याच डबीने दिला असं मला वाटतं.

दुकानात गाणी पुरवणं हा जगात एके काळी भरभराटीचा धंदा होता. अमेरिकी सैन्यातले मेजर जनरल जॉर्ज ओवेन स्क्वायर यांनी तारेवरून एकाच वेळी अनेक संदेश पाठवण्याची युक्ती शोधली होती. तीच वापरून १९२२ मध्ये त्यांनी तारेवरून घरोघर संगीत पोचवणारी कंपनी उभी केली. घरात रेडिओ फुकट वाजू लागल्यावर कंपनीने मोर्चा हॉटेलं, कचेऱ्या आणि दुकानांकडे वळवला. १९३४ मध्ये तिला ‘म्यूझॅक’ हे नाव मिळालं. स्क्वायर यांना ‘कोडॅक’ हे नाव फार आवडायचं, म्हणून म्यूझिकला त्याचं शेपूट जोडलं. पुढे कंपनीने पंधरा-पंधरा मिनिटांचे तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यात गाणी हळूहळू जोरकस होत जायची, मग तेवढाच वेळ शांतता. कामगार पेंगू नयेत, हा हेतू. लोकांना याचा एवढा वीट आला, की १९६९ मध्ये युनेस्कोशी संलग्न आंतरराष्ट्रीय संगीत परिषदेने अशा लादलेल्या संगीताविरुद्ध ठरावच केला. २००९ मध्ये म्यूझॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, २०११ मध्ये ती मूड मीडियाने विकत घेतली आणि २०१३ मध्ये ते नावही पुसलं गेलं.

सांगलीला असली तार कधी आली नाही. साध्या टेलिफोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावून बसणाऱ्या गावात गाण्यासाठी वेगळी तार कोण ओढणार? इथे ते काम रेडिओने केलं. तेही बिनपरवाना नाही. रेडिओचा परवाना दरवर्षी पोस्टात पैसे भरून नवा करावा लागे आणि दुकान-हॉटेलाचा परवाना घरगुतीपेक्षा वेगळा असे. चहाच्या हॉटेलात गल्ल्याच्या वर फळी, फळीवर व्हॉल्व्हचा मर्फी किंवा बुश, आडवी ताणलेली जाळीची एरियल. बटण फिरवल्यावर सेट तापेपर्यंत थांबायचं. गाणं तोवर अर्ध्यावर आलेलं असे.

काय वाजणार हे मात्र हॉटेलवाल्याच्या हातात नव्हतं. १९५२ मध्ये बाळकृष्ण केसकर माहिती आणि नभोवाणी मंत्री झाले. त्यांच्या काळात आकाशवाणीवरून सिनेमाची गाणी जवळपास हद्दपार झाली, कारण देशाने शास्त्रीय संगीत ऐकावं असा त्यांचा आग्रह. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला सुरू झाली आणि श्रोते समुद्र ओलांडून गेले. पलीकडे मिरजेत शास्त्रीय गायक अब्दुल करीम खाँसाहेबांचं वास्तव्य झालेलं, सतारमेकर गल्लीत आजही भोपळ्याचे तंबोरे घडतात. पण चहा प्यायला आलेला माणूस मिरजेचा असला तरी गीतमालाच मागणार, हे मंत्र्यांना कुणी सांगायला हवं होतं. शेवटी ३ ऑक्टोबर १९५७ ला सिनेमाची गाणी वाजवणारी आकाशवाणीचीच विविध भारती सुरू झाली. १९६३ मध्ये सांगलीचं आकाशवाणी केंद्र आलं, आणि खरखर न होता स्पष्ट ऐकू येणारं एक स्टेशन गावाला मिळालं. तरी निवड निवेदकाची. शेतीचा कार्यक्रम लागला की हॉटेलात बसलेल्या सराफालाही करप्याची फवारणी ऐकावी लागे.

निवड दुकानदाराकडे आली ती कॅसेटमुळे, १९८० च्या दशकात. या काळाबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण आपल्याकडची ‘गाणी पुरवण्याची सेवा’ म्हणावी ती हीच. कॅसेटच्या दुकानावर पाटी असे : गाणी भरून मिळतील. वहीच्या कागदावर यादी द्यायची, साठ किंवा नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट द्यायची, दोन दिवसांनी घेऊन जायची. भरणारा माणूस जाणकार असला, तर यादीत नसलेलं एखादं गाणं उरलेल्या जागेत स्वतःच्या मनाने घालून द्यायचा. तो हिशोब म्यूझॅकच्या तज्ज्ञांनाही जमला नसता. हॉटेलवाल्याकडे साधारण तीन कॅसेटी असत. पाणी शिंपडून उदबत्ती लावल्यावर अभंग आणि भक्तिगीतं, बोहनी होईपर्यंत तीच. दुपारी भावगीतं किंवा नाट्यपदं. संध्याकाळी सिनेमा. बाजू उलटायची जबाबदारी पोऱ्याची, फीत अडकली तर पेन्सिल घालून गुंडाळायचीही त्याचीच. कायद्याने हा सगळा व्यवहार चोरीचा होता. तसं कुणाला वाटत नव्हतं, एवढंच.

मोठ्या कापड दुकानांनी मग छतात स्पीकर बसवले, आत अहुजाचा अ‍ॅम्प्लिफायर. गाणं मधेच थांबवून ‘दारातली गाडी काढा’ हे त्याच माइकवरून सांगितलं जाई. कॅसेटची एमपीथ्री सीडी झाली, सीडीचा पेनड्राइव्ह, मग मोबाइलच्या दुकानात मेमरी कार्ड. ‘भरून मिळेल’ हे शब्द मात्र तसेच राहिले. २०१७ मध्ये पाच हजार गाणी आधीच भरलेला, जुन्या रेडिओसारखा दिसणारा ‘कारवाँ’ प्लेअर आला आणि वयस्कर दुकानदारांची सोय झाली.

साखळी दुकानं आल्यावर निवड पुन्हा गावाबाहेर गेली. गाण्यांची यादी मुख्य कचेरीतून येते, मधे त्यांच्याच सवलतीच्या जाहिराती. यामागे अभ्यास आहे. रोनाल्ड मिलिमन यांनी १९८२ मध्ये अमेरिकेतल्या एका सुपरमार्केटचे निष्कर्ष छापले : संथ संगीत असताना गिऱ्हाइकं सावकाश फिरली आणि विक्री जलद संगीताच्या तुलनेत ३८ टक्क्यांनी जास्त झाली. आपल्या किराणा दुकानात गिऱ्हाईक फिरतच नाही, काउंटरसमोर उभं राहून यादी वाचतं. तिथे हे गणित कसं लावायचं?

याच सुमारास हक्कांचा प्रश्न दारात आला. गाण्यात दोन हक्क असतात : शब्द-चालीचा एक, ध्वनिमुद्रणाचा दुसरा. पहिल्यासाठी १९६९ मध्ये स्थापन झालेली गीतकार-संगीतकारांची संस्था आयपीआरएस, दुसऱ्यासाठी १९४१ पासूनची, रेकॉर्ड कंपन्यांच्या वतीने परवाने देणारी पीपीएल आणि आणखी काही कंपन्या. विकत घेतलेली सीडीसुद्धा दुकानात वाजवली तर ते सार्वजनिक प्रक्षेपण ठरतं आणि परवाना लागतो. लग्नाच्या वरातीला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, दुकानाला नाही. परवाना नेमका कुणी द्यायचा यावर न्यायालयांतही एकमत नाही. जानेवारी २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने पीपीएलच्या बाजूने निकाल दिला, एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने वेगळं मत मांडलं आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. नोटीस आल्यावर एवढं वाचत बसण्यापेक्षा वायर उपसून ठेवणं सोपं, असा सरळ हिशोब अनेकांनी केला असेल तर नवल नाही.

त्यातच पूर. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली आणि बाजारपेठ पाण्यात बुडाली. दुकानं पुन्हा उभी करताना आधी फर्निचर, मग माल, मग संगणक. अ‍ॅम्प्लिफायर यादीत शेवटी. पाठोपाठ २०२० ची टाळेबंदी आणि २०२१ चा आणखी एक पूर. शिवाय २०१६ मध्ये जिओ आल्यापासून गिऱ्हाइकाच्या खिशात आणि सेल्समनच्या कानात आपापलं गाणं होतंच. दुकानाने वाजवलेलं कुणाला हवं होतं?

तरी काही ठिकाणी चाललंय. जिममध्ये, सलूनमध्ये, सराफी पेढीत हलकी बासरी. देव्हाऱ्याजवळ प्लगमध्ये खोचलेली मंत्रांची पेटी दिवसभर चालू असते, ती बंद करायचं कुणाच्या मनात येत नाही.

मी जातो त्या विश्रामबागच्या सलूनमध्ये पोरगा खुर्चीत बसवून आधी विचारतो, ‘काका, कुठलं लावू?’ वरचे दोन स्पीकर बंद असतात, खाली एक ब्लूटूथचा डबा. मी जुनं नाट्यपद सांगतो, तो फोनवर शोधून लावतो. ताना सुरू होतात न होतात तोच पैसे न भरलेल्या अ‍ॅपची जाहिरात मधे शिरते. दाढीचा हात थांबवून तो अंगठ्याने ती पुढे ढकलायला बघतो. ढकलली जात नाही.