आधी बॉयलर, मग सायक्लोन, पुन्हा बॉयलर

सिमेंटच्या भट्टीशेजारी टर्बाइन फिरताना दिसलं की ही अलीकडची सोय वाटते. खरं तर भट्टीच्या धुरावर वाफ करणं जुनंच. मधली काही दशकं ते अडगळीत पडलं होतं.

१८२४ साली जोसेफ ॲस्पडिनने पोर्टलंड सिमेंटचं पेटंट घेतलं, तेव्हाच्या भट्ट्या बाटलीच्या आकाराच्या. भरायच्या, पेटवायच्या, निवल्या की उपसायच्या. दर खेपेला तापलेल्या भिंतींची ऊब वाया जाई. १८७२ मध्ये आयझॅक जॉन्सनने भट्टी आणि धुराडं यांच्यामध्ये एक लांबट दालन घातलं. गरम धूर तिथे पसरलेल्या स्लरीवरून, म्हणजे कच्च्या मालाच्या पातळ चिखलावरून, जाई आणि पुढच्या खेपेचा माल आयता वाळून मिळे. माझ्या मते या कथेची खरी सुरुवात इथे आहे.

१८८५ मध्ये फ्रेडरिक रॅन्समने फिरत्या भट्टीचं पेटंट घेतलं. काम अखंड झालं, पण सुरुवातीची नळी आखूड. उष्णता मालात मुरायच्या आत वायू बाहेर. म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेत भट्टीमागे बॉयलर बसले.

ते मागे पडले सायक्लोन प्रीहीटरमुळे, म्हणजे भट्टीआधीच माल तापवणाऱ्या मनोऱ्यामुळे. १९५० च्या दशकात जर्मनीत तो प्रत्यक्षात आला. एकावर एक सायक्लोन, म्हणजे वायू गरगर फिरवून त्यातली भुकटी वेगळी करणारी नरसाळी; वरून चुनखडीची भुकटी सोडायची, खालून सुमारे हजार अंशांचा वायू वर यायचा. भुकटी वायूत उधळताच काही क्षणांत तापते. चार टप्प्यांनंतर वायू साधारण ३५० अंशांवर येतो. बॉयलरला उरलं काय?

१९७३ च्या तेलसंकटानंतर हेच ३५० अंश कामाचे वाटू लागले. जपानने कमी तापमानावर चालणारे बॉयलर आणि टर्बाइन घडवले; त्यांना दुसरा पुरवठा क्लिंकर, म्हणजे भट्टीतून निघणारे सिमेंटचे भाजलेले खडे, थंड करणाऱ्या कूलरच्या गरम हवेचा. प्रीहीटरकडच्या बॉयलरची डोकेदुखी मात्र धूळ. नळ्यांवर ती जमते, म्हणून हातोडे ठराविक वेळाने त्यांना ठोके देत राहतात. १९९० च्या दशकात जपानच्या मदतीने चीनमध्ये निंगग्वो येथे असा संच उभा राहिला आणि पुढे तिथे त्यांची रीघ लागली.

आज टनभर क्लिंकरमागे ढोबळमानाने ३० ते ४५ युनिट वीज मिळते. पण जिथे प्रीहीटरला पाचवा-सहावा सायक्लोन चढतो, तिथे बॉयलरच्या वाट्याचा वायू आणखी गार होतो. शिवाय तोच वायू रॉ मिलमध्ये, म्हणजे कच्चा माल दळणाऱ्या गिरणीत, दगड वाळवायलाही लागतो. ओली चुनखडी आली की बॉयलरला उरल्यासुरल्यावर भागवावं लागतं.