‘मोकळी जमीन’ म्हणजे कोणती? गिरणगावातल्या जुन्या शेडींची पार्श्वभूमी

लोअर परळ किंवा काळाचौकीत आज उभी असलेली गिरणीची एखादी जुनी इमारत का वाचली, याचं उत्तर बहुतेक वेळा वारसा यादीत सापडत नाही. मुंबईची वारसा नियमावली १९९५ ची. गिरण्यांचा निकाल त्याच्या चार वर्षं आधी आलेल्या विकास नियंत्रण नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या कलमानं लावला. त्यातही दोन शब्दांनी: मोकळी जमीन.

१८५६ मध्ये ताडदेवला पहिली गिरणी चालू झाली, तिथपासून १९८२ च्या संपापर्यंतचा इतिहास इथे उगाळत नाही. इमारतींपुरतं एवढंच, की एका आवारात चार-पाच वेगळ्या जातीची बांधकामं असत. सूतखातं बहुमजली, जाड भिंतींचं, आत बिडाच्या म्हणजे ओतीव लोखंडाच्या खांबांच्या रांगा. कापडखातं तळमजल्यावरच, कारण शेकडो माग एकदम चालले की होणारी थरथर माडीला सोसत नाही. त्याच्या डोक्यावर करवतीच्या दात्यांसारखं छप्पर असे. दात्यांची काच उत्तरेला, म्हणजे अंगावर ऊन न येता दिवसभर सारखा उजेड. कापसाचं गोदाम आगीच्या धास्तीनं अलग, जाड भिंतींचं, मोजक्या खिडक्यांचं. शिवाय बॉयलरघर, चिमणी, तलाव. नियमाच्या लेखी मात्र हे सगळं एकच: ‘विद्यमान बांधकाम’.

१९९१ चं कलम ५८ असं सांगत होतं की गिरणीची मोकळी जमीन आणि बांधकाम पाडल्यावर रिकामी होणारी जमीन, दोन्ही मिळून तीन वाटे करायचे. पाच हेक्टरपर्यंतच्या गिरणीत ३३ टक्के शहराच्या मैदानांना व सोयींना, २७ टक्के सार्वजनिक गृहनिर्माणाला, ४० टक्के मालकाला. पाच ते दहा हेक्टरला ३३, ३४, ३३. दहाच्या वर ३३, ३७, ३०. जमीन जितकी मोठी तितका मालकाचा वाटा कमी.

वारसा हा शब्द या तरतुदीत कुठे नव्हता, पण परिणाम वारसा-कायद्यासारखाच झाला. शेड पाडली की वाटणी लागू, उभी ठेवून वापरली की नाही. त्यामुळे नव्वदीच्या दशकात मालकांनी शेडी पाडण्याऐवजी गाळे पाडून भाड्यानं दिल्या. जाहिरात कंपन्या, छायाचित्रकारांचे स्टुडिओ, फर्निचरची दुकानं, पुढे उपाहारगृहं आणि पब. गिरणगावातला जुन्या इमारतींचा पुनर्वापर जन्मला तो असा, वाटणी टाळण्याच्या हिशेबातून. हे मान्य करायला अनेकांना आवडत नाही, कारण त्यात सौंदर्यदृष्टीचं श्रेय कुणालाच मिळत नाही.

२००१ मध्ये राज्य सरकारनं कलम बदललं. कारण दिलं ते खोटं नव्हतं: वाटणीच्या धास्तीनं योजनाच येत नाहीत, आजारी गिरण्यांकडे पैसा नाही आणि कामगारांची देणी थकली आहेत. पण बदल केला कुठे, ते पाहा. ‘पाडकामानंतर रिकामी होणारी जमीन’ हा भाग गेला. वाटणीला उरली फक्त मोकळी जमीन, आणि शिल्लक चटईक्षेत्र, म्हणजे त्या जमिनीवर बांधायला परवानगी असूनही न वापरलेलं क्षेत्र.

समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ, शिल्लक चटईक्षेत्राचा हिशेब बाजूला ठेवून. ४०,००० चौरस मीटरची गिरणी. २८,००० वर शेडी आणि गोदामं, १२,००० मोकळं. जुन्या नियमानं सगळं पाडलं तर शहराला १३,२००, घरांना १०,८००, मालकाला १६,०००. नव्या नियमानं फक्त १२,००० ची वाटणी: शहराला ३,९६०, घरांना ३,२४०, मालकाला ४,८०० अधिक शेडींखालचे २८,०००. म्हणजे ३२,८००. शिवाय पाडलेल्या शेडींचं बांधीव क्षेत्र पुन्हा बांधण्याचा हक्क त्याच्याकडेच.

गिरणी ही दाटीनंच बांधलेली असते; चिमणी, तलाव आणि गाड्यांची वाट सोडली तर मोकळं फार थोडं. त्यामुळे शब्द दोन बदलले तरी वरच्या उदाहरणात शहराचा वाटा एक-तृतीयांशावरून दहाव्या हिश्शावर आला. या सगळ्यात शेडींचं काय झालं हा प्रश्न कुणी विचारला नाही. शेड उभी ठेवण्यामागचं एकमेव आर्थिक कारण त्या दिवशी संपलं.

वाद न्यायालयात गेला. ऑक्टोबर २००५ मध्ये उच्च न्यायालयानं ‘मोकळी जमीन’ मध्ये पाडकामानंतरची जमीनही येते असा अर्थ लावला. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तो फिरवला आणि २००१ चा बदल वैध ठरवला. उच्च न्यायालयाचा निकाल येण्याआधीच, २००५ मध्ये, पाच सरकारी गिरण्यांच्या जमिनी विकूनही झाल्या होत्या. नवी नियमावली २०१८ मध्ये आली, कलमाचा क्रमांक ३५ झाला. शेडी तोवर बहुतेक गेल्या होत्या.

ज्या उरल्या त्यांचा पुनर्वापर कसा झाला, यावर मात्र फार कमी लिहिलं जातं. पहिली चूक खांबाची. बीड दाब उत्तम पेलतं, पण वाक आणि ताण त्याला सोसत नाही; पोलाद आधी वाकून इशारा देतं, बीड थेट तडकतं. पोटमाळा घालताना खांबालाच ब्रॅकेट वेल्ड केलं की भार एका अंगाला येतो, आणि बिडावरचं साधं वेल्डिंग थंड होताना कडेनं चिरतं. योग्य रीत म्हणजे पोटमाळ्याचा पोलादी सांगाडा स्वतःच्या पायावर वेगळा उभा करणं आणि जुन्या खांबापासून बोटभर तरी अंतर ठेवणं. खांबावर भार वाढवायचाच असेल तर आधी त्याची जाडी मोजावी लागते. पोकळ खांब ओतताना आतला गाभा अनेकदा सरकलेला असतो, मग एक बाजू जाड तर दुसरी पातळ निघते. म्हणून एकाच जागी मोजून चालत नाही; परिघावर सारख्या अंतरानं तीन ठिकाणी मोजायचं आणि हिशेबाला सर्वांत कमी आकडा धरायचा.

दुसरी चूक पाण्याची. दातेरी छपराच्या दोन दात्यांमधली पन्हळ अनेक शेडींत याच पोकळ खांबांतून खाली उतरते. गाळेवाला खांबाला जिप्सम बोर्डाचं वेष्टण घालतो, खालचं तोंड फरशीखाली गाडलं जातं, आणि पहिल्या मोठ्या पावसात पन्हळ तुंबून पाणी छताच्या कैचीच्या (छप्पर पेलणाऱ्या त्रिकोणी सांगाड्याच्या) टोकाशी, भिंतीत जिथे ती बसते तिथे, मुरतं. गंज धरलेलं लोखंड फुगतं आणि भिंत आतून फोडतं. मग वरून सिमेंटचा गिलावा मारतात. चुन्यात बांधलेल्या भिंतीला सिमेंट लावलं की ओल बाहेर पडायची वाट बंद होते, क्षार विटेतच साठतात आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलाव्यासकट विटेचा पापुद्रा सुटतो. तिथे चुन्याचाच गिलावा लागतो, आणि तो सुकायला वेळ द्यावा लागतो. भाडं चालू झालेलं असताना तो वेळ कुणी देत नाही.

तिसरी चूक काचेची. वातानुकूलन परवडावं म्हणून उत्तरेची काच प्लाय लावून बंद करतात. उजेड जातो तो जातोच, पण धुराला वर निघायची वाटही जाते. त्याच आवारातल्या सूतखात्याच्या लाकडी तक्तपोशीत वर्षानुवर्षं मशीनचं तेल मुरलेलं असतं, हे ध्यानात घेतलं तर गोष्ट किती गंभीर आहे ते कळतं. २९ डिसेंबर २०१७ ला लोअर परळच्या एका गिरणी आवारातल्या आगीत १४ माणसं गेली. ती आग गच्चीवरच्या उपाहारगृहातली, जुन्या शेडीतली नव्हे. पण गिरणीचं आवार पबसाठी वापरताना जिना, वाट आणि छत यांचा हिशेब कुणी करायचा, हा प्रश्न तिच्यानंतरच ऐरणीवर आला.

पाडलेल्या शेडींबद्दल एक विचित्र गोष्ट आहे. जुनं बांधीव क्षेत्र पुन्हा मिळवायचं तर ते आधी सिद्ध करावं लागतं, म्हणून पाडण्यापूर्वी मोजमापाचे नकाशे काढले जात. अनेक गिरण्यांची सर्वांत नेटकी नोंद आज प्रस्तावांच्या त्या फायलींतच असणार: भिंतींची जाडी, गोदामाची लांबी-रुंदी. छपराचे दाते आणि काचेची उंची त्यात शोधू नये. क्षेत्रफळ सिद्ध करायला ती लागत नाही.